आधी उजेड, मग प्रवाळ

गोड्या पाण्याच्या टाकीवर आपण दिवा लावतो तो आपल्या डोळ्यांसाठी. गप्पी, मॉली, एंजल यांचे रंग खुलून दिसावेत एवढाच त्याचा हेतू असतो. तो चार दिवस बंद राहिला तरी माशांचे फारसे अडत नाही. खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकवरचा दिवा मात्र तिथल्या प्रवाळांचे अन्न असतो. तो कमी पडला तर प्रवाळ हळूहळू उपासमारीने मरते आणि जास्त झाला तर करपते. टाकी किती खोल असावी, खडक कसे रचावेत, कोणते प्रवाळ कुठे बसवावे, पाण्यातले कोणते घटक किती वेगाने संपतील, विजेचे बिल किती येईल, हे सगळे प्रश्न शेवटी त्या दिव्यापाशी येऊन थांबतात. या छंदात नव्याने शिरणारा माणूस आधी काचेची टाकी घेतो, मग खडक आणि मासे, आणि उरलेल्या पैशांत बसेल तो दिवा. हा क्रम उलटा करावा, हेच या पुस्तकाचे सांगणे आहे. पुढची सगळी प्रकरणे त्याच क्रमाने लावली आहेत.

पुस्तकात उदाहरण म्हणून घेतलेली टाकी ६० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे १२१ लिटर पाणी मावते. वाळू, खडक आणि वरची मोकळी ठेवायची पट्टी वजा केली की साधारण १०० लिटर पाणी उरते. हे माप विचारपूर्वक निवडले आहे. एवढ्या टाकीला एकच चांगला एलईडी दिवा पुरतो, तळापर्यंत हात पोचतो आणि फ्लॅटच्या दिवाणखान्यात ती मावते. याहून बरीच लहान टाकी स्वस्त वाटते, पण तिच्यातले पाणी इतके थोडे असते की एका दुपारच्या उकाड्याने किंवा एखादा मासा मरून कुजल्याने सगळे बिघडते. मोठ्या टाकीत चूक पचते, छोटीत ती लगेच दिसते. म्हणून छोटी टाकी सांभाळायची तर तिची मोजमापे नेमकी माहीत असावी लागतात.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. प्रवाळ हा प्राणी आहे. जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्या कुळातला तो एक साधा जीव. त्याच्या एका घटकाला पॉलिप म्हणतात: एक पोकळ देह, वर तोंड आणि तोंडाभोवती शुंडकांचे कडे. बहुतेक जातींत असे शेकडो-हजारो पॉलिप एकमेकांना जोडून वसाहत करून राहतात. उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत एकपेशीय शैवाले वस्तीला असतात. त्यांना झूझँथेली म्हणतात. ही शैवाले डायनोफ्लॅजेलेट गटातली आहेत, हे जपानी शास्त्रज्ञ सिरो कावागुटी यांनी १९४४ साली दाखवले. शैवाल सूर्यप्रकाशावर साखर आणि मेद तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमान पॉलिपला देते. बदल्यात शैवालाला सुरक्षित जागा आणि पॉलिपच्या शरीरातून बाहेर पडणारे नायट्रोजन, फॉस्फरस आणि कार्बन डायऑक्साइड मिळतात. काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज या देवाणघेवाणीतून भागते. शुंडकांनी पकडलेले प्लवक ही त्यांची उरलेली शिदोरी. ज्या समुद्रात अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात त्या निळ्याशार, स्वच्छ पाण्यात एवढी गजबजलेली प्रवाळभित्ती कशी उभी राहते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या भागीदारीत आहे. आपल्याला घरात तीच भागीदारी चालवायची आहे आणि तिचे इंधन प्रकाश आहे.

हे कळायला माणसाला वेळ लागला. घरातल्या सागरी टाकीचा इतिहास पाहिला की ते लक्षात येते. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी डेव्हनच्या किनाऱ्यावरून काही अश्मप्रवाळे लंडनला आणली आणि ती काही वर्षे जगवली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरी ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले जाई. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द ॲक्वेरियम’ या पुस्तकाने घरोघरी काचेच्या टाक्या बसवल्या. पण थिन यांची प्रवाळे थंड समुद्रातली होती. त्यांच्या शरीरात शैवाले नसतात, ती केवळ पकडलेल्या अन्नावर जगतात. लंडनच्या अंधूक खोलीत ती टिकली याचे कारण तेच. उष्ण समुद्रातली प्रवाळे त्याच पद्धतीने ठेवायला गेलेल्यांच्या हाती मात्र पुढची शंभर वर्षे अपयशच आले.

वळण आले ते उन्हाच्या देशात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जकार्तात ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक, थोडी हवा आणि भरपूर सूर्यप्रकाश एवढ्याच सामग्रीवर प्रवाळे जगवून दाखवली. जर्मनीतल्या छांदिष्टांनी तेच तत्त्व थंड, ढगाळ देशात आणले. जिवंत खडक, पाण्यातली सेंद्रिय घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर आणि सूर्याच्या जागी प्रखर मेटल हॅलाइड दिवे, अशी त्यांची ‘बर्लिन पद्धत’ पुढे जगभर रूढ झाली. मेटल हॅलाइडने प्रवाळे वाढत, पण दीडशे-अडीचशे वॅटचा तो दिवा पाणीही तापवी. छोट्या टाकीला तो परवडणारा नव्हता. टी-५ ट्यूब आल्यावर ती अडचण कमी झाली. ती खऱ्या अर्थाने सुटली निळ्या एलईडीने. शुजी नाकामुरा यांनी जपानमधल्या निचिया कंपनीत १९९३ साली प्रखर निळा एलईडी तयार केला. या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. जगाने त्याकडे कमी विजेत पांढरा उजेड देणारा शोध म्हणून पाहिले. प्रवाळ पाळणाऱ्यांना त्यातून त्यांना नेमका हवा असलेला निळा प्रकाशच थेट मिळाला. आज घरातल्या बोर्डावर चालणाऱ्या साठ-सत्तर वॅटच्या दिव्याखाली शंभर लिटरची रीफ टाकी उभी राहते, ती या शोधामुळे.

निळाच का, हे नीट समजून घ्यायला हवे. समुद्रात शिरलेल्या सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात शोषला जातो. निळा भाग सर्वांत खोल जातो. पाच-दहा मीटर खोलीवर वाढलेल्या प्रवाळाच्या जगात प्रकाश म्हणजे मुख्यतः निळा आणि निळसर हिरवा. झूझँथेलीतली क्लोरोफिल आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये याच पट्ट्यातला प्रकाश चांगला शोषतात. आपल्या टाकीत पाणी जेमतेम चाळीस सेंटीमीटर खोल. एवढ्या पाण्यात तांबडा प्रकाश गाळला जात नाही. म्हणून खोल समुद्राचे गाळण्याचे काम दिव्याच्या निवडीने करावे लागते. ४२० ते ४८० नॅनोमीटर या पट्ट्यात भरपूर प्रकाश आणि जोडीला थोडा पांढरा, अशी आखणी असलेला दिवा घ्यावा. खोक्यावर ठळक छापलेला १०,००० किंवा २०,००० केल्विन हा आकडा आपल्याला तो प्रकाश किती निळा दिसेल एवढेच सांगतो. प्रवाळाला त्यातून किती खाद्य मिळेल, हे त्यावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी वेगळे माप आहे. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती पडतो, ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. छंदातले लोक त्याला ‘पार’ म्हणतात. भर दुपारच्या उन्हात पार २००० च्या आसपास असतो. आपल्याला चांगला उजळलेला वाटणारा दिवाणखाना बहुधा दहाच्याही खाली असतो. डोळा उजेडाशी पटकन जुळवून घेतो, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजावर दिवा निवडणे म्हणजे हात लावून ताप मोजण्यासारखे आहे. मोबाइलमधले लक्स मोजणारे ॲपही इथे फसवते, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला धरून बनवलेले आहे. डोळ्याला हिरवट पिवळा प्रकाश सर्वांत तीव्र भासतो आणि निळा फारच कमी. पारमीटर महाग असतो. शहरातल्या चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावा किंवा ओळखीच्याकडून एका दिवसासाठी मागून आणावा. दिवा पाण्यापासून वीस-तीस सेंटीमीटर वर टांगून, टाकीच्या तळावर, मध्यावर आणि पृष्ठभागाजवळ ठरावीक अंतरावर नोंदी घ्याव्यात आणि कागदावर नकाशा काढावा. बहुतेक दिव्यांखाली मधला भाग प्रखर आणि कोपरे मंद निघतात. खडकांची रचना या नकाशावर बेतायची. मश्रूम आणि झोअँथिड यांसारख्या मऊ प्रवाळांना ५० ते १०० पार पुरतो. मोठ्या पॉलिपच्या अश्मप्रवाळांना ७५ ते १५० च्या आसपास लागतो. ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या अश्मप्रवाळांना २०० ते ३५० लागतो. आकडे हाती असले की कोणते प्रवाळ कुठे बसेल यावर वाद उरत नाही.

प्रकाशाची मात्रा जितकी महत्त्वाची तितकीच ती वाढवण्याची रीत. नव्या प्रवाळाच्या शरीरातली शैवाले आधीच्या जागेच्या उजेडाला सरावलेली असतात. त्यांची संख्या आणि रंगद्रव्ये बदलायला दोन ते चार आठवडे जातात. दिवा पहिल्या दिवशी तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवावा आणि महिनाभरात चढवत न्यावा. नवे प्रवाळ आधी तळाशी ठेवून मग वर सरकवले तरी चालते. दिवसाकाठी एकूण नऊ-दहा तास दिवा पुरे. त्यात सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी दीड-दोन तास मंद चढ-उतार आणि मधे पाच-सहा तास पूर्ण तेज. रात्री पूर्ण अंधार हवा, कारण अनेक प्रवाळे शुंडके पसरून अन्न पकडतात ती रात्रीच. जास्त प्रकाश झाला की प्रवाळ फिके पडते आणि आक्रसते. कमी पडला की ते तपकिरी होते किंवा उजेडाच्या दिशेने लांबट ताणले जाते. ही चिन्हे ओळखायला शिकलात तर पारमीटर परत केल्यावरही तुमचे अडणार नाही.

वाचक विचारतील, आपल्या देशात ऊन फुकट असताना दिवा कशाला? ली चिन एंग यांनी उन्हावरच तर टाकी चालवली. तरीही आपण दिवाच घ्यावा, याची कारणे साधी आहेत. खिडकीतले ऊन ऋतूप्रमाणे कोन बदलते, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे नाहीसे होते आणि एप्रिल-मेमध्ये शंभर लिटर पाणी दुपारपर्यंत तापवून ठेवते. शिवाय ते बाजूने येते, त्यामुळे काचेवर शैवाल माजते. टाकी खिडकीपासून दूर, थेट ऊन न येणाऱ्या भिंतीशी ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो.

निळ्या दिव्याखाली प्रवाळे हिरवी, केशरी, गुलाबी चमकतात, त्या दृश्याने माणूस या छंदात ओढला जातो. ही चमक प्रवाळाच्या शरीरातल्या प्रथिनांची असते. ती निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. १९९९ साली मॉस्कोतल्या संशोधकांनी अशी प्रथिने प्रवाळवर्गीय प्राण्यांत शोधली. त्यांतले एक तांबडे प्रथिन डिस्कोसोमा या मश्रूम प्रवाळातले होते आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत पेशींतल्या हालचाली पाहण्यासाठी ते वापरले जाते. नवशिक्याच्या टाकीत पहिल्यांदा येतो तो बहुधा हाच मश्रूम. मात्र ही चमक तब्येतीचा दाखला मानू नये. निव्वळ निळा प्रकाश ठेवला तर आजारी प्रवाळही काही दिवस झळकते. दिवसातून थोडा वेळ पांढरा प्रकाश चढवून प्रवाळाचा खरा रंग, त्याचे फुगणे-मिटणे आणि कडांची ऊती पाहावी.

आता पाणी. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांतून गोळा केलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ साली दाखवून दिले की पाणी कमी-जास्त खारट असले तरी मुख्य क्षारांचे परस्परप्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच राहते. प्रवाळ लाखो वर्षे त्या प्रमाणात वाढलेले आहे. म्हणूनच मिठागरातले किंवा स्वयंपाकघरातले मीठ इथे चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट यांचा मेळ नसतो. रीफसाठी बनवलेले तयार मीठ, लिटरला सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला साडेतीन ते चार किलो लागते. ते आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षारमुक्त केलेल्या, पाण्यातच विरघळवावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि बोअरच्या पाण्यात बहुधा नायट्रेट, सिलिकेट आणि जडपणा. रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ यावे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समुद्राचे पाणी भरून आणण्याचा मोह होतो. आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी आणि गाळ मिसळतो आणि शहरांजवळ सांडपाणी. तो मोह टाळावा.

छोट्या टाकीत लवणता, म्हणजे पाण्यातले क्षारांचे प्रमाण, दररोज सरकते. पंखा लावलेल्या टाकीतून दिवसाला एक-दोन लिटर पाणी सहज उडून जाते. मीठ मात्र मागेच राहते. आठवडाभर भर घातली नाही तर ३५ ची लवणता चाळिशी ओलांडू शकते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई रोज आणि गोड्या आरओ पाण्यानेच करायची. हे काम आपोआप करणारे यंत्र मिळते. छोट्या टाकीवर दिव्यानंतर पैसे घालवावेत ते त्याच्यावर.

पाण्याचे रसायन आणि दिवा ही दोन वेगळी प्रकरणे वाटतात, पण ती एकमेकांत गुंतलेली आहेत. दिवा जितका प्रखर तितके प्रवाळ जोमाने वाढते आणि तितक्या वेगाने पाण्यातले कॅल्शियम आणि अल्कलिनिटी खर्च होते. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम या मर्यादांत पाणी ठेवायचे तर दिवा वाढवल्यानंतर तपासण्याही वाढवाव्या लागतात. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट साठलेले असताना दिवा वाढवला, तर प्रवाळाआधी काचेवरचे शैवाल वाढते. मऊ प्रवाळांच्या छोट्या टाकीत दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की बहुतेक घटकांची भरपाई होते. वेगळी औषधे घालायची वेळ सहसा येत नाही.

खडक बसवल्यावर पहिले चार ते सहा आठवडे टाकीत काहीच सोडायचे नाही. या काळात खडकाच्या छिद्रांत जिवाणू रुजतात. ते विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खडकाच्या आतल्या, प्राणवायू नसलेल्या भागात आणखी वेगळे जिवाणू नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. हे काम अंधारात होते. या आठवड्यांत दिवा बंद ठेवावा. रिकाम्या टाकीवरचा उजेड फक्त तपकिरी डायटम आणि केसाळ शैवाल पोसतो. दिवा आधी विकत घ्यावा असे सांगणारे हे पुस्तक तो महिनाभर न लावण्याचाही सल्ला देते, त्याचे कारण हेच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावर पहिला मासा आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पहिले प्रवाळ आणावे.

आपल्या हवामानात सगळ्यांत मोठा शत्रू उकाडा. पाणी २५ ते २७ अंशांत राहायला हवे. पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड करतो. पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला चालतो. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसते, तिथे त्याचा उपयोग कमी. अशा ठिकाणी चिलर किंवा वातानुकूलित खोली यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा. साठ वॅटचा दिवा नऊ तास चालला तर दिवसाला सुमारे अर्धे युनिट लागते. विजेचा खरा खर्च थंडाव्यावर होतो. वीज गेली तर दिव्याची काळजी करू नका. प्रवाळ एक-दोन दिवस अंधारात तग धरते. पाणी हलवणारा पंप मात्र थांबता कामा नये, कारण प्राणवायू काही तासांतच कमी होतो. इन्व्हर्टरवर पहिला हक्क त्या पंपाचा. खारे पाणी आणि वीज एकत्र नांदतात अशा या जागी अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ईएलसीबी असलाच पाहिजे. भरलेली टाकी स्टँडसह पावणेदोनशे किलोंच्या आसपास जाते. ती खिळखिळ्या टेबलावर ठेवू नये.

आता या पुस्तकातला सर्वांत गंभीर भाग. भारतात २००१ पासून सर्व अश्मप्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहेत. समुद्रघोडेही त्याच यादीत आले. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. त्यांची शिकार, संकलन आणि व्यापार हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. प्रवाळ फार दूरच्या बेटांवरची गोष्ट आहे असे मानू नये. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात ती आहेत आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेल्या आंग्रिया बँकेवर ती आहेत. मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळे सागरी किनारा रस्त्याच्या कामात २०२० साली वनखात्याच्या परवानगीने दुसरीकडे हलवावी लागली. ओहोटीच्या वेळी एखादा तुकडा उचलून घरी आणणे म्हणजे संरक्षित प्राणी चोरणे होय. समुद्रातून काढलेल्या जिवंत खडकाला, म्हणजे ‘लाइव्ह रॉक’लाही हेच लागू, कारण तो प्रवाळांच्याच सांगाड्याचा असतो.

म्हणून पुस्तकातली उदाहरणाची टाकी कृत्रिम सिरॅमिक खडकांची आणि मश्रूम, झोअँथिड, लेदर या मऊ प्रवाळांची आहे. कायदा आणि प्रकाश दोन्ही इथे एकाच दिशेला बोट दाखवतात: मऊ प्रवाळांना प्रकाश कमी लागतो, दिवा लहान चालतो, पाणी कमी तापते आणि नवशिक्याच्या हाती ती टिकतात. तीही घेताना विक्रेत्याकडून आयातीचे किंवा पैदाशीचे कागद मागावेत आणि त्या दिवशीची अनुसूची स्वतः पाहून घ्यावी. कागद नसतील तर रिकाम्या हाताने परतावे. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया इथल्या मराठी वाचकांना टाकीतच वाढवलेल्या अश्मप्रवाळांचे तुकडे तिथल्या नियमांनुसार मिळू शकतात. त्यांच्यासाठी वेगळे प्रकरण दिले आहे. माशांत क्लाउनफिशची जोडी उत्तम. तिच्या बंदिस्त पैदाशीचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे, तेव्हा पैदाशीचेच मासे मागा. शंभर लिटरला दोन-तीन लहान मासे पुरेत. आणि एक इशारा: काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ती हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा आणि ज्या खडकावर ती आहेत तो कधीही उकळू नये.

या सगळ्या खटाटोपाचे फळ काय? घरात एक सुंदर वस्तू येते हे खरे, पण माझ्या लेखी त्याहून मोठा लाभ वेगळा आहे. पाण्याचे तापमान बरेच दिवस नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखादा अंश वर राहिले, तरी प्रवाळातल्या शैवालाची प्रकाश पचवण्याची यंत्रणा बिघडते. मग रोजचाच प्रकाश विष बनतो, पॉलिप शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांचे हेच झाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये जागतिक पातळीवरच्या चौथ्या विरंजनाची घोषणा झाली. ज्याने आपल्या टाकीचे पाणी सत्तावीस अंशांवर रोखण्यासाठी उन्हाळाभर धडपड केली आहे, त्याला समुद्र एका अंशाने तापणे म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. असे लोक मराठीत वाढावेत, ही हे पुस्तक लिहिण्यामागची खरी इच्छा आहे.

१९५१ पासून मुंबईतल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांना समुद्रातले मासे काचेआड दाखवले. काचेआडचे ते जग घरात उभे करण्याची साधने आता आपल्या हाती आहेत. पण त्यासाठी रोजची पंधरा मिनिटे, आठवड्याचा एक तास आणि पहिले दोन-तीन महिने सबुरी लागते. एवढा वेळ देता येणार नसेल तर टाकी बसवू नका. मालवणला जा, परवानाधारक मार्गदर्शकाबरोबर पाण्यात उतरा, पाहा आणि कशालाही हात न लावता परत या. वेळ देता येणार असेल तर पुढचे प्रकरण दिव्याचे आहे. ते वाचून होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका.